बगीच्या पोटाखाली

फोन आला तेव्हा सुंदरेश शेडमध्ये एका जीपखाली उताणा पडला होता. विष्णुवर्धनच्या फार्मवरून माळी बोलत होता. बगी बांधावरून कालव्यात गेली. ब्रेक लागलाच नाही. आतलं माणूस जागच्या जागी गेलं.

"विष्णू गेला?" सुंदरेशने विचारले.

"नाही हो. मालक देवळात गेलेत, तिरुक्करुगावूरला. बगीत तुमच्या घरच्या होत्या."

सुंदरेशच्या हातातला पाना सुटून छातीवर पडला.

नंतर कुंभकोणम्‌मध्ये लोक एकमेकांना सांगत राहिले, फोनवर आधी मालकाची चौकशी केली म्हणे. असा माणूस आजकाल मिळत नाही.

सुंदरेशची बायको नागलक्ष्मी विष्णूच्या फार्मवर येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था बघायची. पाहुण्यांना फिरवायला विष्णूने तीन बग्या, इंजिनावर चालणाऱ्या छोट्या उघड्या गाड्या, घेतल्या होत्या. दोघांनी शेजारी बसायचे, वर टप नाही, नांगरटीतूनही उड्या मारत जायचे. त्यांची देखभाल सुंदरेशकडे होती. पोंगलच्या आधीच त्याने सांगितले होते, पोटाखाली स्किड प्लेट बसवून घे. जाड ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, दगड लागला तरी आतल्या पाइपा वाचतात. विष्णूने आज-उद्या केले.

सकाळची पहिली फेरी एरवी विष्णू स्वतः मारायचा. त्या दिवशी तो गरोदर बायकोला, लावण्याला, घेऊन दर्शनाला गेला. म्हणून नागलक्ष्मी बसली.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदरेशने शेडच्या किल्ल्या घेतल्या. सासू, रुक्मिणीबाई, दारात आडवी आली.

"इतक्यात शेड?"

"बगी यायची आहे."

"तीच?"

"तीच."

"तो विष्णू तेराव्याला केवढा रडला," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यांत तर टिपूस नाही. दगड आहेस की काय रे?"

सुंदरेशने चपला घातल्या. चेन्नईहून बगी बनवणाऱ्या कंपनीची माणसे बगी तपासायला सोमवारी येणार होती. त्यांच्या आधी त्याला तिच्याखाली शिरायचे होते. तेवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. गेले कित्येक दिवस दुसरे काही डोक्यात येतच नव्हते.

विष्णूने बगी मिनी ट्रकवर घालून आणली. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. शेडमध्ये दोघे एरवी तमिळमध्ये बोलत. आज तो घरच्या मराठीत बोलला.

"अण्णा, प्लेटा कोइमतूरहून आणवल्या. तिन्ही बग्यांना लाव. आधी हिला."

"आता आठवण झाली होय?"

"मार मला. पण असं बोलू नकोस, अण्णा."

सुंदरेशने बगी स्टँडवर चढवली आणि दिवा घेऊन खाली सरकला. वाळलेला चिखल, पेंढा, एका कोपऱ्यात शेवाळ. ब्रेकची तांब्याची पाइप तुटून लोंबत होती. त्याने दिवा जवळ नेला. अर्धी पाइप फाटली होती. अर्धी सरळ कापलेली होती, कडा सुरीने कापलेल्या खोबऱ्यासारखी. दगड असा कापत नाही.

विष्णू बाहेर उकिडवा बसला होता. "काय दिसतंय?"

"चिखल."

"आणि पाइप?"

सुंदरेशने दिवा बाजूला केला. "दगड लागलाय."

विष्णूने मोठा श्वास सोडला. "मी नागूला म्हटलं होतं, मी येईपर्यंत थांब म्हणून. ऐकलं नाही."

नागू तिला फक्त घरात म्हणत, बाहेर कुणी नाही. सुंदरेशचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला.

त्याने जुनी पाइप काढून तांब्याच्या भंगारात टाकली. भंगार वितळवून भांडी ओतणाऱ्याचा माणूस आला आणि टोपली सायकलला बांधून घेऊन गेला. सुंदरेशने नवी पाइप वाकवून बसवली, ब्रेकमधली हवा काढली.

मग प्लेट. चौकटीच्या नळीवर, जिथून पाइप जाते तिथे, एक बारीक चकचकीत ओरखडा होता. पहिला क्लॅम्प त्याने नेमका तिथे घेतला. बोल्टची डोकी दगडात अडकू नयेत म्हणून पत्र्यात खोल बसवली, ऑइल काढायचे भोक जागेवर आले का ते बोट घालून पाहिले. नट आळीपाळीने आवळत गेला. पत्रा चौकटीला चिकटला आणि बगीचे पोट झाकले गेले.

विष्णू खाली वाकून बघत होता.

"सोमवारी कंपनीवाले येतायत," तो हळू आवाजात म्हणाला. "नको म्हणून कळवू का?"

"बगी तुझी आहे."

"पोलिसांनी दगड म्हटलं. तूही दगडच म्हणतोस. उगाच पुन्हा तेच तेच कशाला उकरायचं?"

"कशाला?" सुंदरेश म्हणाला.

विष्णूने तिथेच उभे राहून चेन्नईला फोन लावला. चार वाक्यांत काम झाले. फोन त्याने खिशात ठेवला. 

मोकळ्या मैदानात फेरी मारून झाल्यावर बगी पुन्हा ट्रकवर चढली. विष्णू सुंदरेशच्या पाया पडायला वाकला. सुंदरेशने त्याला खांद्याला धरून उठवले.

"बाकीच्या दोन कधी आणू, अण्णा?"

"एकेक आण. आणि मी ब्रेक बघितल्याशिवाय सकाळची फेरी मारायची नाही."

"नाही मारत. आता तुझ्याशिवाय कुणाला हातच लावू देणार नाही."

"लावण्याला महिना कितवा?"

"नववा लागला."

"जप तिला."

ट्रक फार्मकडे, मरुदानल्लूरच्या रस्त्याला लागला. विष्णूने खिडकीतून हात हलवला, सुंदरेशनेही हलवला. ट्रक दिसेनासा झाल्यावर तो आत आला आणि हत्यारे पुसायला बसला.

पाइपवरचा तो सरळ काप त्यानेच, अपघाताच्या आदल्या संध्याकाळी, फार्मवर ऑइल बदलता बदलता विष्णूसाठी घातला होता, आणि विष्णूचे काम अजून व्हायचे राहिले होते.