खांद्यावरची थाप

लुना, राजदूत, जीप आणि आता ही व्हॅन, एवढ्या गाड्या मी आयुष्यात चालवल्या. लुना असताना एकदा पौडच्या बाजारात माझी बायको रत्ना मागं बसायच्या आतच मी निघालो आणि मुळशीपर्यंत तिच्याशी बोलत आलो. तेव्हापासून जीप-व्हॅनमध्येही ती कायम मागंच बसायची, आणि तिची खांद्यावर थाप पडल्याशिवाय मी गाडी हलवत नव्हतो.

गेल्या वर्षी तिच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा थापेची वाट न बघता निघालो. दवाखान्याच्या दारात मागं वळून बघितलं, तर ती गेली होती. पुन्हा गाडीला हात लावला नाही.

आज सुनेला, सृष्टीला, कळा सुरू झाल्या. मुलगा शेखर कंपनीत होता. तिला मागं बसवून व्हॅन चालू केली, पण गिअर टाकायला हात उचलेना.

"मामा, निघा की!"

"नीट बसलीस का?"

"बसले हो!"

मी तसाच बसून राहिलो. कळ सोसत ती पुढं सरकली आणि माझ्या खांद्यावर जोरात थाप मारली.

"घ्या! आता निघा, न्हाईतर हितंच बारसं करावं लागंल."

मी निघालो. पौड येईपर्यंत दर वळणावर ती थाप मारत होती.