अल्बममधला हंबरडा

आमच्या भाडेकरूनं, निषादनं, गावाकडच्या गाण्यांचा अल्बम काढला. सगळ्या मुळशीत माझ्या तोडीची ओवी म्हणणारी बाई दाखवा, पण लोकांना आवडला तो माझा हंबरडा!

मी माईकसमोर ओवी म्हणत होते. तेवढ्यात कुणी ओरडत आलं, धरणात माझ्या भैरूची होडी उलटी सापडली म्हणून. मी ऊर बडवून पोराच्या नावानं रडले. माईक चालूच राहिला. तासाभरानं भैरू ओल्या कपड्यांनी दारात उभा, वर मलाच विचारतो, "आये, कोन गेलं गं?"

अल्बममध्ये ते रडणं ऐकलं आणि मी निषादला धरलं. "काढ ते. जित्या मानसावरचं रडनं असं वाजवू न्हाई."

"आजी, तेच तर भिडतंय लोकांना. ऐकून सगळे आपापल्या आईला फोन लावतात."

आता पिरंगुटच्या बाजारात, बसमध्ये, रिसॉर्टवर, कुठंही ते वाजलं की मी भैरूला फोन लावते. तो वैतागतो, "हाय गं आये, हाय अजून!"

आज सकाळी तो मासे धरायला गेला. दुपार कलली तरी परतला नाही, म्हणून फोन लावला. मेल्यानं, जीभ जळो माझी, पोरानं कौतुकानं तीच कॉलर ट्यून लावून ठेवलेली. कानात माझाच आवाज आला, "भैरू, मला टाकून कुटं गेलास रं..."

हंबरडा संपला. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. फोन कुणी उचलत नव्हतं.