बहुमताची टाकी

गच्चीवरची पाण्याची टाकी कधीही कोसळेल, असं सिव्हिल इंजिनीअर विनिता सोसायटीच्या सभेत घसा फोडून सांगत होती. टाकीच्या बरोब्बर खाली तिचंच घर होतं.

"वहिनी, तुम्ही शिकलेल्या, मान्य. पण निवडून आम्ही आलोय," अध्यक्ष सदानंदभाऊ म्हणाले. "टाकी मजबूत आहे म्हणणाऱ्यांनी हात वर करा!"

सगळे हात वर गेले. विनिताच्या नवऱ्याचासुद्धा, त्याला कमिटीत यायचं होतं. टाकी बहुमताने मजबूत झाली. टाळ्या पडल्या.

"भाऊ, सभा दरवर्षी आपल्या बिल्डिंगखालीच असते ना?" विनिताने विचारलं. "मग यंदा सगळ्यांना बोळिंजच्या बिल्डिंगपासून लांब, या नंदाखाल गावातल्या वाडीत का आणलंत?"

सदानंदभाऊ दचकलेच. "काय बोलता वहिनी! सगळे मतदार त्या टाकीखाली बसवू?"