आईच्या ओठांतलं बिल

प्रयोगशाळेत दुकानांतल्या बिलांचा गुळगुळीत कागद तपासणं हे माझं काम. हातमोजे घालून, चिमट्याने धरून. आई ज्या दुकानात गल्ल्यावर बसते, तिथला कागद आज तपासला. कातडीतून अंगात मुरणारं रसायन निघालं, भरपूर. “नियमात बसतंय,” साहेब म्हणाले. तडक जाऊन आईच्या रांगेत उभी राहिले, निमित्ताला साबण घेऊन. “आई, हातमोजे घाल ना!” “घातले होते गं. मालक म्हणाले, गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला त्याची किळस येते.” “मग सोड ही नोकरी.” “आणि घरी बसून तुझं डोकं खाऊ?” ती हसली. पिशवी उघडायला दोन्ही हात लागतात, म्हणून सवयीने तिने माझं बिल ओठांत धरलं. मी ओरडणार, तोच मागून आवाज आला, “आटपा हो!” आईने ते ओलसर बिल माझ्यापुढे धरलं. “घे.” चिमटा प्रयोगशाळेत होता. मी हात पुढे केला.