परीक्षा संपल्यावर

या, असे जवळ सरका. लेकरांच्या घरातली गोष्ट आहे, मोठ्यानं सांगायची नाही.

सकाळचे साडेसात झाले होते. थोरलीची एक वेणी झाली होती, दुसरी व्हायची होती. धाकटा एक मोजा पायात, दुसरा हातात धरून दाराशी तीनचा पाढा म्हणत होता आणि दर वेळी अठरापाशी अडकत होता.

"डावीकडून हळू ओढ," आई म्हणाली. "तिकडं तिचं डोकं हुळहुळतं."

कंगवा मावशीच्या हातात होता. "ही मावशी, आता रोज येणार," एवढंच आईनं महिन्यापूर्वी मुलांना सांगितलं होतं. तेव्हापासून मावशी सातच्या ठोक्याला यायची आणि मुलं अंथरुणात शिरली की जायची. आई तिला घर शिकवत होती. ती शिकत होती, पण हात वळत नव्हते. आत्ताही कंगवा थोरलीच्या कानामागच्या तिळापाशी थांबून राहिला.

"तीळ काय मोजत बसलीस? आठला शाळेचं गेट लागतं."

"हो, ताई."

"मावशी, मोजा उलटा घालायचा," धाकट्यानं पाय पुढं केला. "शिवण टोचते ना. तुला काहीच कसं येत नाही गं?"

"येईल हळूहळू," मावशी म्हणाली.

"मला तर दोन दिवसांत आलं होतं."

दिवसच असे होते की श्वास घ्यायला फुरसत नाही. थोरलीची परीक्षा तोंडावर आलेली. धाकट्याला स्नेहसंमेलनात झाड व्हायचं होतं आणि झाडाला दीडशे कागदी पानं लागत होती. त्यातच थोरलीची दाढ दुखत होती. "परीक्षा संपल्यावर बघू," असं आई दाढेला म्हणायची, वाढलेल्या केसांना म्हणायची, फाटलेल्या दप्तरालाही म्हणायची.

एका दुपारी वही शोधताना थोरलीला टेबलावरच्या फाइलमध्ये हॉस्पिटलच्या शिक्क्याचा कागद दिसला. अक्षर तिला लागलं नाही. तारीख तेवढी लागली. शुक्रवारची, म्हणजे शेवटच्या पेपरची.

आई पानं शिवत बसली होती.

"तू आजारी आहेस?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग मावशीला सगळं कशाला शिकवतेस?"

सुईत दोरा होता, तरी आई पुन्हा ओवू लागली. "परीक्षा संपल्यावर सांगेन."

थोरली आठ वर्षांची. पण पोरीची जात, तिला न सांगता कळतं. त्या दिवसापासून ती हाक न मारता उठू लागली. स्वतःचं ताट स्वतः घासू लागली. धाकट्यानं रंगपेटी घेतली तरी भांडेना. झोपायच्या वेळी आईच्या छातीला कान लावून पडून राहायची.

"काय गं करतेस?"

"काही नाही. ऐकतेय."

आई हलत नसे. पोरीला हवं तेवढं ऐकू देई.

स्नेहसंमेलनात सात झाडं रंगमंचावर आली. सगळी सारखीच हिरवी, तोंडं रंगवलेली. मावशी उभी राहून जोरजोरात टाळ्या वाजवू लागली. आईनं तिची बाही ओढली आणि हळूच बोट दाखवलं, "तो नव्हे. तो कडेचा."

घरी आल्यावर धाकट्यानं सोडलं नाही. "मावशीनं दुसऱ्याच झाडाला टाळ्या वाजवल्या! मी पाहिलं ना वरून!"

मावशी हसली. मग न्हाणीघरात गेली आणि नळ सुरू झाला. बराच वेळ बंद होईना, तेव्हा आईनं दार वाजवलं.

"नळ सोडून रडायचं, हे बरं शिकलीस. चल, तोंड पूस. गोष्ट सांगायची वेळ झाली."

"त्याला तुम्हीच हव्या असता, ताई."

"शुक्रवारनंतर मी नसेन. मग कुणाला उठवशील?"

आतून नळ बंद झाला.

त्या रात्री मावशीनं गोष्ट सांगितली. सिंह आणि उंदीर, दोघांचे आवाज तिनं एकच काढले. धाकटा तीनदा म्हणाला, "असं नसतं." चौथ्यांदा म्हणायच्या आत झोपला. त्याच्या मुठीत मावशीचा अंगठा होता. आई दाराशी उभी होती. तिनं ते पाहिलं, "जमलं की," असं पुटपुटली आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला काढली.

शुक्रवार उजाडला. थोरलीचा शेवटचा पेपर अकराला सुटणार होता. निघताना ती आईला बिलगली ती सुटेचना.

"मी पहिली येईन," ती म्हणाली. "पहिली आले तर जाऊ नकोस."

आईनं तिची कॉलर सरळ केली. "पेपर नीट वाच. घाई करू नकोस."

साडेदहाला दोघी बायका शाळेच्या कार्यालयात बसल्या होत्या. ज्याच्या हातात शाळेचं कार्ड, त्याच्याच ताब्यात मूल द्यायचं, असा तिथला नियम. आईनं आपली दोन कार्डं पर्समधून काढून टेबलावर ठेवली. कारकूनबाईंनी मावशीचा फोटो नव्या कार्डांवर चिकटवला आणि आईकडे पाहत आवाज उतरवला.

"तब्येतीचं काही आहे का हो? आम्ही सगळ्या विचारत होतो."

"छे हो. मी ठणठणीत आहे."

बाईंना ते पटलं नाही. त्यांनी मान खाली घालून पेन उचललं. "ह्यांचं नातं काय लिहू? मावशी?"

मावशीनं नव्या कार्डावरच्या आपल्या फोटोकडं पाहिलं. आईनं तिचा हात घट्ट धरला.

"आई लिहा," ती म्हणाली. "जन्म हिनं दिलाय. आजपासून मुलं सांभाळता येतील, असं हॉस्पिटलनं हिला लिहून दिलंय. ही बरी होऊन येईपर्यंत मी ती सांभाळायला घेतली होती, साडेचार वर्षं."

बाहेर पेपर सुटल्याची घंटा झाली. ऐकणाऱ्यांनो, आज देवाशी दोन शब्द बोलाल, तर त्यातला एक त्या दिवशी शाळेतून एकटीच घरी गेलेल्या बाईसाठी बोला.