अहोंची बशी

“ताई, सगळं छान आहे. फक्त कॉमिकमधल्या अहोंच्या हातातली बशी काढून टाका आणि आमच्या नावाचा कप द्या,” चहाच्या कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली. “आणि तो भुरक्याचा आवाजही नको. वर्षभराचं काम आहे, ताई. हवं तर घरी अहोंना विचारून सांगा.”

“विचारते,” मृदुला म्हणाली.

अहोंना जाऊन दोन वर्षं झाली होती. दर रविवारी इंटरनेटवर तिचं कॉमिक फुकट वाचणाऱ्या लोकांना ते ठाऊक नव्हतं, मग या पोरीला कुठून असणार? कॉमिकने आजवर दमडी दिली नव्हती. घर चालायचं ते शिकवण्यांवर. पण त्या चौकटींत अहो अजून बोलायचे. त्यांच्या बोलण्याच्या फुग्यात काय लिहायचं, याचा तिला कधी विचारच करावा लागला नव्हता.

तिने स्क्रीनवरची बशी पुसली, कप काढला. चित्र देखणं झालं. वर फुगा काढला आणि ती थांबली. शेजारचा तिचा चहा पार निवला तरी फुगा कोराच. कप धरून बसलेला तो माणूस दुसऱ्याच कुणाकडे आलेला पाहुणा वाटत होता.

तिने कप पुसला. पुन्हा बशी काढली, ओठांकडे जराशी कलती. फुग्यात हात आपोआप चालला: ‘फुर्रर्र!’

तिने फोन लावला.

“काय म्हणाले अहो?” मुलीने हसत विचारलं.

“नको म्हणतात गं,” मृदुला म्हणाली. “कुठे ऐकतात माझं!”