फाटकातूनच परत

बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. दहा वर्षांनी धीर करून माहेरी गेले, तर दारात उभ्या असलेल्या बाबांनी मला पाहताच मूठ उगारली. मी फाटकातूनच परत फिरले, ती कायमचीच.

परवा माझी दुमडलेली बोटं डॉक्टरीणबाईंना दाखवली.

"तळहाताच्या कातडीखालचा पडदा आखडलाय, आजी. दुखत नाही म्हणून अंगावर काढलंत ना? नातवंडांना हात करून बोलावलंत, तर मारायला उठलात असं वाटून पळत असतील ती!" त्या हसल्या. "छोटं ऑपरेशन करू, बोटं सरळ होतील. हे बहुधा घराण्यातून येतं. वडिलांना होतं का?"



त्या दिवशी बाबा मला आत बोलावत होते.